अण्णांना सांगायचं नाही

स्वयंपाकघराचं दार पूर्वी दिवसा कधी लागत नसे. अण्णा हृदयाच्या झटक्यातून उठून घरी आले आणि ते लागायला लागलं. पुढे पुढे तर इतकं लागू लागलं, की वहिनीनं एक दिवस बिजागऱ्यांना तेल घातलं, कारण त्यांची कुरकुर बाहेरच्या खोलीत अण्णांना ऐकू जायची.

त्या रविवारी दुपारी दार लागलं तेव्हा आत पाचजण होते आणि खुर्च्या तीन. अण्णांच्या पत्नी माई टेबलाशी वाटाणे सोलत होत्या. त्यांची लेक, म्हणजे ताई, सकाळीच गावाहून आली होती आणि प्रवासाच्या कपड्यांतच होती. धाकटा दीर फ्रिजला पाठ लावून उभा होता. वहिनीचा नवरा, घरातला थोरला, खुर्ची असूनही बसला नव्हता. आणि वहिनी ओट्याला टेकून उभी होती, एक हात मानेच्या मागे धरून. तिथं सकाळपासून ठणकत होतं. झोप नीट होत नाही, दुसरं काय, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

"अण्णांचा जुना बॉयलर मिस्त्री उद्या त्यांना भेटायला येतोय," थोरला म्हणाला. "मघाशी फोन आला होता. नशीब माझं, मीच उचलला."

"येऊ दे की," माई म्हणाल्या. "चांगला माणूस आहे."

"माई, तो लाँड्रीसमोरून गेला म्हणे. कुलूप बघून जीव गलबलला म्हणाला. उद्या अण्णांसमोर बसेल आणि पहिलं वाक्य हेच बोलेल."

माईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

अण्णांच्या वडिलांनी उभी केलेली ती वाफेवरची लाँड्री अण्णांनी जन्मभर चालवली आणि अण्णा दवाखान्यात असतानाच ती बंद पडली. बॉयलरची तपासणी झाली, तपासनीसानं मान हलवली आणि दारावर सील लावून तो गेला. नवा बॉयलर घेणं झेपणारं नव्हतं. थोरल्यानं एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात नोकरी धरली. पण डॉक्टरीण म्हणाली होती, यांना जपा. जपा म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही. घरच्यांनी आपल्याला समजलं तसं जपायला सुरुवात केली.

थोरला रोज सकाळी लाँड्रीच्या किल्ल्या मुद्दाम खुळखुळवत बाहेर पडे. संध्याकाळी अण्णा विचारत, "आज वाफ धरायला वेळ लागला का रे?" आणि थोरला तोंड धुवायला पळे. मग उत्तरं द्यायला उरे ती वहिनी. लाँड्रीच्या काउंटरवर बसण्यात, कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या टाचण्यात तिची सगळी वर्षं गेली होती, त्यामुळे तिला गिऱ्हाइकं रचणं अवघड नव्हतं. त्यातला एक बँडमास्तर तर फारच झकास जमला होता. त्याच्या पांढऱ्या गणवेशावर दर आठवड्याला नवा डाग. कधी शाई, कधी लिपस्टिक, कधी वंगण. अण्णांना तो माणूस इतका आवडला की ते त्याची वाट बघू लागले. डाग कसा काढायचा हे ते आरामखुर्चीतून बारकाईनं सांगत, आणि दुसऱ्या दिवशी वहिनी सांगे, "निघाला हो अण्णा." जो डाग नव्हताच तो निघायला कितीसा वेळ लागणार!

पण खोटं लक्षात ठेवावं लागतं. मंगळवारी काय सांगितलं ते शुक्रवारी जुळायला हवं. भाजी आणताना जुनी गिऱ्हाइकं भेटत, लाँड्री का बंद हे विचारत, आणि ती त्यांना हात जोडून सांगे, घरी फोन करू नका. वर प्रत्येकाचं आपलं वेगळं. धाकट्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. ताई नवऱ्याशी भांडून वेगळ्या खोलीत राहत होती. दोघांनीही ते वहिनीलाच सांगितलं, वेगवेगळं, हळू आवाजात, आणि सांगून झाल्यावर दोघंही एकच वाक्य बोलली होती. अण्णांना सांगायचं नाही. बोलणारा हलका होऊन निघून जायचा. ऐकणारीचं काय होतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही, अगदी तिच्यासुद्धा.

"मला विचाराल तर आजच सांगून टाका," ताई म्हणाली. "मिस्त्रीच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळू दे."

"आणि काही झालं म्हणजे?" धाकटा फ्रिजपासून पुढे आला. "आजोबांचं विसरलीस?"

आजोबांचं कुणीच विसरलेलं नव्हतं. वाळवणीच्या खोलीला आग लागल्याची बातमी घेऊन कुणी धावत आलं, आणि ती ऐकता ऐकता आजोबा उंबऱ्यातच कोसळले. तेव्हापासून त्या घरात वाईट बातमी सरळ कधी कुणाला सांगितली गेली नव्हती. ती आधी स्वयंपाकघरात यायची, तिथं निवायची, आणि पुष्कळदा तिथंच राहायची.

"अण्णांचं कालचं प्रेशरचं माप किती होतं?" ताईनं विचारलं.

"एकशे अडुसष्ट," वहिनी म्हणाली. "दोनदा गोळ्या वाढवल्यात. तरी उतरत नाही. वर सकाळी चक्कर येते. काल बेसिनचा काठ धरला म्हणून वाचले."

ताईचा चेहरा उतरला. "मग नकोच सांगायला," ती म्हणाली, आणि मघाचा आपला मुद्दा तिनं असा सोडून दिला जणू तो दुसऱ्याच कुणीतरी मांडला होता.

"अरे, मिस्त्री उद्या येतोय!" थोरला ओरडला, मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "त्याला अडवलं तर अण्णा विचारतील, का आला नाही. पुन्हा नवं खोटं. मला आता नाही जमत. हिनंच सांगावं. अण्णा हिचं ऐकतात."

"हो, वहिनीच," धाकटा म्हणाला.

"वहिनीच," ताई म्हणाली. मघापासून कुठल्याच गोष्टीवर एकमत नसलेली भावंडं इथं मात्र झटकन एक झाली.

माई म्हणाल्या, "पण आधी माप घ्या. बरं आलं तरच सांग गं. नाहीतर मी तुला सांगून ठेवते, यांना काही झालं तर..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

माईंनी न बोललेलं तिला पूर्ण ऐकू आलं होतं. सांगितलं आणि अण्णा गेले, तर या घरात ते कायम आपल्या नावावर राहणार. नाही सांगितलं आणि उद्या मिस्त्रीनं सांगितलं, तरी आपल्याच. कानात मघापासून काहीतरी सूं सूं करत होतं. तिनं कपाटावरचं प्रेशरचं मशीन उचललं आणि ती बाहेर निघाली. मागोमाग सगळे.

"आली वरात," अण्णा वर्तमानपत्र खाली ठेवत म्हणाले. "काय, पुन्हा?"

"सहज हो अण्णा," ताई म्हणाली. सहज म्हणताना तिचा आवाज चिरकला.

वहिनीनं पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. थोरला खुर्चीच्या पाठीशी उभा राहिला, धाकटा समोर, ताई उजवीकडे. माईंनी पदराचं टोक हातात धरलं. पट्टा फुगू लागला तसे चार चेहरे पुढे वाकले. अण्णांनी एकेकाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"एकशे बहात्तर," धाकट्यानं वाचलं. माई मटकन पलंगावर बसल्या.

ताईनं तडक डॉक्टरणीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. डॉक्टरीण रविवारच्या जेवणावरून उठून आली असावी, पण तिनं नीट ऐकून घेतलं. चक्कर कधी येते, उभं राहताना की झोपलेलं असताना, गोळी कधी घेतात, सगळं विचारलं. मग म्हणाली, "माप घेताना खोलीत कोण कोण असतं?"

"सगळेच," थोरला म्हणाला. "काळजी वाटते ना."

"नेहमीच सगळे?"

"नेहमीच."

डॉक्टरीण म्हणाली, "आता असं करा. सगळे बाहेर जा. दार लावून घ्या. ते शांत बसतील, कुणाशी बोलणार नाहीत, आणि थोड्या वेळानं त्यांचं तेच माप घेतील. मी फोनवर थांबते."

बाहेर जायचं म्हणजे पुन्हा स्वयंपाकघरच. तिथं पाचजण फोनभोवती उभे राहिले. माई पुटपुटत होत्या, एकट्याला सोडून आलो, एकट्याला सोडून आलो. धाकटा नखं खात होता. वहिनीला खिडकीच्या गजांपुढे बारीक ठिपके नाचताना दिसले. तिनं डोळे चोळले. ठिपके गेले नाहीत.

"या!" अण्णांनी हाक मारली.

मशीनवर एकशे अठरा दिसत होतं.

"तेच तर," फोनमधून डॉक्टरीण म्हणाली. "चारपाच माणसं छातीवर बसून माप घेतलंत तर माझंही वाढेल. हे नाटक नाही हं, ते खरंच वाढतं. मन धास्तावलं की रक्तसुद्धा धावतं. पण तेवढ्यापुरतं. आणि त्या आकड्यावर मी गोळ्या वाढवत बसले, चक्कर त्यानंच येत असावी. चूक माझीही आहे, विचारायला हवं होतं. वाढवलेली गोळी आज देऊ नका, पहिली तेवढी चालू ठेवा. उद्या घेऊन या."

"मशीनच बोगस असेल," धाकटा म्हणाला. एवढे दिवस आपण बोगस होतो हे मान्य करण्यापेक्षा ते सोपं होतं.

"मग बघू या ना," अण्णा म्हणाले. त्यांना एकाएकी हुरूप आला होता. "प्रत्येकानं बसायचं. जन्मभर मी वाफेचा काटा वाचलाय, आज तुमचा वाचतो. चला, आधी तू."

धाकटा बसला. ठीक निघाला. ताईचं किंचित वर होतं. "तुझ्या आवाजावरून मला दोनशे वाटलं होतं," अण्णा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्या खोलीत हसू फुटलं. थोरल्याचं थोडं चढं होतं, माईंचं त्यांच्या वयाच्या मानानं झकास. "मी उगाच मरतेय म्हणजे!" माई म्हणाल्या, आणि जरा हिरमुसल्याच.

"आता सूनबाई."

"मी चहा टाकते," वहिनी म्हणाली.

"चहा पळून जात नाही. बस."

ती बसली. पट्टा आवळत गेला, आवळतच गेला. अण्णांनी आकडा पाहिला आणि वाचला नाही. त्यांनी पट्टा सोडला, सगळ्यांना हातानंच बाहेर जायला सांगितलं, आणि तिला म्हणाले, "पाठ टेकव. पाय मोकळे सोड. बोलू नकोस." ते स्वतः खिडकीकडे तोंड करून बसले. तिनं शांत बसायचा प्रयत्न केला. शांत कसं बसतात ते तिला आठवेना. बसलं की उद्याचा मिस्त्री दिसे, परवाचा बँडमास्तर दिसे, माईंचं अर्धं वाक्य ऐकू येई.

दुसऱ्यांदा आकडा आला एकशे ब्याण्णव. खालचा एकशे सोळा.

अण्णांनी दार उघडलं. थोरला आत आला, त्यानं मशीन हातात घेतलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनीनं त्याचा हात घट्ट धरला आणि हळूच, रोजच्या सवयीनं म्हणाली, "अण्णांना सांगू नका हं."

अण्णा तिच्यासमोर उभे होते. कुणीही हसलं नाही.

ताईनं पुन्हा फोन लावला. डॉक्टरीण आता भरभर विचारत होती. डोकं दुखतंय? जरा. डोळ्यांपुढे काही? ठिपके. कधीपासून? मघापासून. छातीत दुखतंय, हातपाय बधिर, बोलताना अडखळायला होतंय? नाही. "आत्ता घेऊन या तिला," डॉक्टरीण म्हणाली. "उद्या नाही, आत्ता. जिने सावकाश उतरू दे. आणि कुणी रडारड करू नका."

थोरला गाडी बघायला धावणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "लाँड्री बंद आहे, ते ओझं ना हे?"

पाचही जणांची नजर अण्णांच्या छातीवर गेली. शर्टाचं बटण वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"माझ्या छातीकडे काय बघताय?" अण्णा कडाडले. "तिच्याकडे बघा!"

"तुम्हाला... कधी कळलं?" थोरल्यानं विचारलं.

"तू पहिल्या आठवड्यातच सुवासिक पावडरचा वास घेऊन घरी आलास. आपण कधी वापरली ती? तरी म्हटलं असेल काही. मग मी बँडमास्तरच्या शर्टावरच्या रक्ताच्या डागाला उकळतं पाणी ओतायला सांगितलं."

वहिनीनं मान खाली घातली. तिला तो दिवस आठवला. काउंटरवर इतकी वर्षं काढलेल्या बाईनं मान डोलावली होती, आणि दुसऱ्या दिवशी हसत सांगितलं होतं, निघाला हो अण्णा.

"उकळत्या पाण्यानं रक्ताचा डाग निघतो?" अण्णा म्हणाले. "जन्माचा बसतो. हे तुला झोपेतसुद्धा ठाऊक आहे. तेव्हाच कळलं, की लाँड्री नाही, डाग नाही, बँडमास्तर नाही. आणि ही पोरगी कसल्यातरी ओझ्याखाली पार वाकलीय."

"म्हणजे तो बँडमास्तर पण नव्हता?" माई म्हणाल्या. लाँड्री बंद असल्याचं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. बँडमास्तरवर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास होता.

"मग बोलला का नाहीत?" ताईनं विचारलं.

"कसं बोलू? तुम्ही एवढ्या जिवानं करत होता. मला कळलंय हे तुम्हाला कळलं तर तुम्हीच खचाल, असं वाटायचं. रोज संध्याकाळी ही दारातून आत आली की काळजात धस्स व्हायचं, आता आज काय रचून आणलंय, आणि मी तोंड कसं सरळ ठेवू." त्यांनी पट्टा गुंडाळता गुंडाळता टेबलावर ठेवून दिला. "लाँड्रीचं दुःख झालं. रडलो मी, तुम्ही इथं दार लावून बसलेले असताना. रडलो आणि झालं. पण ही रोजची धास्ती काही संपेना."

"आजोबांसारखं काही होईल म्हणून भीती वाटली," धाकटा कसाबसा म्हणाला.

"आजोबा बातमीनं गेले असं तुम्हाला कुणी सांगितलं? आठवडाभर त्यांच्या छातीत कळा येत होत्या. जिना चढताना थांबायचे, बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही, घरातले घाबरतील म्हणून. ती बातमी आली नसती तरी फार तर चार दिवस इकडेतिकडे." अण्णांनी वहिनीकडे पाहिलं. "ऊठ. सावकाश. मी पण येतो."

"तुम्ही नको!" चौघं एकदम म्हणाली.

"येतो म्हणालो ना."

ते जिना उतरले तो एक विचित्रच घोळका होता. थोरला पुढे पळाला होता. वहिनीला ताईनं एका बाजूनं धरलं होतं, धाकट्यानं अण्णांना, आणि माई मागून सगळ्यांना सावकाश, सावकाश म्हणत सगळ्यांत भरभर उतरत होत्या. वहिनीला भीती वाटत होती. डोक्यातली शीर फुटेल, वाचा जाईल, हात लुळा पडेल, जे जे कधी ऐकलं होतं ते सगळं एकेका पायरीवर मनात येत होतं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ही भीती तिची स्वतःची होती, आणि ती सगळ्यांच्या समोर होती.

फाटकापाशी बाकावर तिला बसवलं. थोरला गाडी ठरवून आला. ती वळसा घालून येणार होती.

"पोराला नको कळवायला," तो म्हणाला. त्यांचा मुलगा दूर वसतिगृहात राहून शिकत होता. "परवा त्याचा पेपर आहे."

"हो, उगाच त्याचा जीव टांगणीला," ताई म्हणाली.

"परीक्षा होऊ दे. मग सांगू," माई म्हणाल्या.

अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलता ते वहिनीकडे बघत राहिले.

वहिनीलाही तेच वाटत होतं. हो, नकोच, हे शब्द तिच्या ओठांवर तयार होते. तिनं ते गिळले, फोन काढला आणि लावला.

"आई? काय गं, या वेळेला?"

"मला बरं नाहीये. प्रेशर खूप वाढलंय. दवाखान्यात चाललोय आम्ही. तुझा पेपर आहे ते माहितीये. घाबरू नको असंही म्हणत नाही, मलाच भीती वाटतेय. पण तुझ्यापासून लपवायचं नव्हतं."

थोरला तिच्याकडे रागानं बघत होता.

"आई," मुलगा अगदी हळू म्हणाला, "मी दोन पेपर दिलेच नाहीत. हॉलच्या दाराशी गेलो की छाती अशी धडधडते की वाटतं आता मरणार. परत फिरतो. तुला आधीच त्रास होतोय, पण... बाबांना सांगू नकोस."

गाडी कोपऱ्यावरून वळली. धाकट्यानं हात वर केला. वहिनीनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बरं झालं मला सांगितलंस," ती फोनमध्ये म्हणाली. "ते इथंच आहेत. तूच सांग त्यांना. मी त्यांचा हात धरून बसते."

आणि तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला.